फुलीचं ताट

टीबी झालेल्याने काय खावं, गोळ्या कधी घ्याव्यात, हे सांगणारे कागद दवाखान्यात फुकट मिळतात. ते घ्या आणि वाचा, त्यात खोटं काही नसतं. मी लिहितेय ते त्या कागदात सापडणार नाही. मी कुंदा, भिवंडीजवळच्या वडप्याची, वय सत्तेचाळीस. सहा महिने औषध घेऊन आता बरी आहे. आमच्या बचत गटातल्या बायका म्हणाल्या, लिहून काढ, दुसऱ्या कुणाला धीर येईल. येईल की नाही मला माहीत नाही. मी काही गरीब गाय नव्हे, हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना उगाच माझ्यासाठी डोळे पुसत बसू नका.

घरात आम्ही पाच जण. मी, माझे मिस्टर, माझा दीर हरेश, त्याची बायको सुगंधा आणि तन्वी. तन्वी अकराव्या वर्षात आहे. ती मला आई म्हणायची आणि सुगंधाला काकी. तिला जन्म दिला सुगंधाने.

पीठ

खोकला दोन महिने होता. आमच्याकडे खोकल्याचं कुणी मनावर घेत नाही. घराच्या तीन बाजूंना गोडाऊन, चौथ्या बाजूला हायवे, दिवसभर कंटेनर मागेपुढे होत असतात. मी म्हणायचे, धुळीचा खोकला आहे. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तर म्हणायचे दगदग झाली. ब्लाऊज ढिले व्हायला लागले तेव्हा तर मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

गौरीच्या आदल्या दिवशी मी भाकऱ्यांसाठी तांदळाची उकड मळत होते. उबळ आली, तोंड बाजूला करेपर्यंत उशीर झाला. पांढऱ्या पिठावर लाल ठिपके पडले. समोर सुगंधा कोलंबी सोलत बसली होती. तिने पिठाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने परात माझ्या हातातून काढून घेतली, मागच्या दाराने जाऊन पीठ खड्ड्यात पुरलं, परात घासली आणि हात पुसत परत आली. उद्याच दवाखान्यात जायचं, म्हणाली. मी म्हटलं, उद्या गौर आहे.

"गौरीला पन ह्याच हातचा घालशील?" ती म्हणाली.

त्यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. दहा वर्षांपूर्वी तिला टीबी होऊन गेला होता.

केबिन

घरात गौर बसली आणि मी भिवंडीत सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसले. मिस्टरांनी सोबत येतो म्हटलं होतं, पण घरात पाहुण्यांकडे बघायला कोणीतरी हवं, म्हणून सुगंधाच आली. थुंकी दिली, एक्सरे काढला. रांगेत सगळे कापडाच्या लूमवर काम करणारे, बहुतेक युपी-बिहारचे, रुमाल तोंडाला धरून मोबाईल बघत बसलेले. माझ्या अंगावर पैठणी नव्हती एवढंच, बाकी गळ्यात सगळं होतं. मला वाटत होतं, ह्या लोकांत माझं काय काम. आमच्या जागेवर सहा गोडाऊन उभी आहेत आणि मी हातात डबी घेऊन थुंकायला उभी होते.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी. तिने मला आणि सुगंधाला दोघींनाही आत बोलावलं. मला एकटीनेच आत जायचं होतं. मी सुगंधाला म्हटलंसुद्धा, तू बाहेर थांब. ती म्हणाली, न्हाय, मी ऐकते. आणि माझ्याआधी आत जाऊन खुर्चीवर बसली.

डॉक्टर म्हणाली, टीबी आहे, साधा आहे, औषधाने जाईल, सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस मास्क लावा, खिडकी उघडी असलेल्या खोलीत झोपा. मग थुंकी पुन्हा तपासू, ठीक आली की घरात पहिल्यासारखं वावरा. ताट-वाटी वेगळी करायची नाही, भांड्यांनी टीबी पसरत नाही.

मी खाली मान घालून ऐकत होते. सुगंधाने विचारलं, "आणि बाईच्या अंगावर पिणारं पोर असलं तर?"

घरात बाळ आहे का, डॉक्टरने विचारलं. न्हाय, असंच विचारते, सुगंधा म्हणाली.

"तर दूध बंद करायचं नाही. आईने मास्क लावून पाजायचं, बाळाला तपासून औषध द्यायचं. आई औषधं घेतेय ना, मग बाळ तिच्यापासून तोडायचं काही कारण नाही."

"दहा वर्षांपूर्वी पन असाच होता का?"

"हो, तेव्हाही हेच सांगायचे," डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढली.

सुगंधाने माझे कागद घडी करून पिशवीत ठेवले. गोळ्यांची पाकिटं मोजून घेतली. रिक्षात बसल्यावर कल्याण नाक्यापर्यंत ती बाहेर बघत होती. मग तोंड न वळवता म्हणाली, "तवा तू डॉक्टरच्या खोलीन किती वेल बसली होतीस ना, ताई. मी बाहेर बाकड्यावर बसलेली."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा लवकर चल.

जे मी केलं

आता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. काय काय केलं ते सांगत बसत नाही, सगळं केलं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं. सुगंधा दिघाशीची, गरिबाघरची, बावीस वर्षांची, कोणी काही बोललं की पदराचं टोक चावणारी. वर्षाच्या आत तिला मुलगी झाली. बारशाला मीच पाळणा हलवला. सगळ्या म्हणत होत्या, कुंदावहिनी, आता तुमचीच हो ही. लोक असं सहज बोलतात, पण मी ते सहज घेतलं नाही.

तन्वी आठ महिन्यांची असताना सुगंधाला टीबी निघाला. गावभर होऊ नये म्हणून मी तिला सरकारीत न नेता भिवंडीतल्या एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. आत मी एकटी गेले. तिला म्हटलं, तू बाहेर बस, तुला कशाला टेन्शन. त्या म्हाताऱ्या डॉक्टरने मला नीट समजावून सांगितलं होतं. बाळाला आधी तपासा, औषध द्या, पंधरा-वीस दिवसांनी सगळं सुरळीत. तोंडाला कपडा बांधून पाजू द्या. मी मान डोलावली, पायऱ्या उतरले आणि तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले वर्षभर पोरीला जवळ घ्यायचं नाही.

ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, असं मी लिहिणार नाही. मी पायऱ्या उतरताना ठरवलं होतं. तेवीस पायऱ्या होत्या.

पोरीची तपासणी मी करून घेतली, औषधही दिलं, त्यात हयगय केली नाही. सुगंधाला मागची खोली दिली. तिच्यासाठी एक स्टीलचं ताट वेगळं काढलं. आमच्या सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव घातलेलं असतं, त्यामुळे ते बाकीच्यांत मिसळू नये म्हणून नावाच्या शेजारी मी खिळ्याने फुली मारली. पहिले काही दिवस तिचं दूध उतरायचं. ती पिळून मोरीत सोडायची आणि वरून पाण्याचा तांब्या ओतायची. स्वयंपाकघरात मला तांब्याचा आवाज यायचा. मी पोरीला बाटली लावून बसलेली असायचे.

तिचं औषध पूर्ण होईपर्यंत तन्वी बोलायला लागली होती. आई हा शब्द तिला मी शिकवला, माझ्याकडे बोट करून. सुगंधा दारात आली की मी म्हणायचे, ती बघ काकी आली. पुढे वर्ष संपल्यावर सुगंधाने हात पुढे केले तेव्हा पोर किंचाळून माझ्या मानेला चिकटली. घरातले हसले. हरेशभावजी म्हणाले, राहू दे, वहिनींना लळा लागलाय, एकाच घरात तर आहे. सुगंधाला नंतर दुसरं मूल झालं नाही.

मला कोणी विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की माझं तन्वीवर प्रेम आहे. होतंच. तापात रात्र रात्र जागले, शाळेच्या गेटवर उभी राहिले, तिच्यासाठी माशातला काटा न् काटा काढला. त्याच प्रेमाने मी हे केलं होतं. म्हणून सांगते, कोणी प्रेम प्रेम म्हणून फार उड्या मारत असेल तर आधी बघा, ते कुणाच्या ताटातलं उचललेलं आहे.

ताई, बरोबर ना?

रिक्षा दारात थांबली तेव्हा मिस्टर, भावजी आणि तन्वी ओट्यावरच वाट बघत होते. तन्वी माझ्याकडे धावली. सुगंधाने तिला हाताने अडवलं. त्या पोरीला तिने असं कधी धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"टीबी हाय," ती म्हणाली. "डॉक्टरनी वरीसभर सांगितलाय. ताट-वाटी वेगली, खोली वेगली. तन्वीने तर उंबऱ्याला पन पाय लावाचा न्हाय."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी साधा होता.

"ताई, बरोबर ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी लगेच विचारलं असतं, मग तिच्या वेळी वर्ष कसं काय? मी म्हटलं, "हो."

त्या संध्याकाळी माझं जेवण मागच्या खोलीत आलं. भात, वालाचं बिरडं, दोन अंडी, कापलेला कांदा. ताटाच्या कडेला सासऱ्यांचं नाव होतं आणि शेजारी फुली. दहा वर्षं तिने ते कुठे ठेवलं होतं, देव जाणे. मी तर ते कधीच भंगारात गेलं असं समजत होते.

दिवस कसे जायचे

सकाळी उठल्या उठल्या गोळ्या. त्यानंतर तासभर पोटात ढवळायचं. लघवी लाल व्हायची, पहिल्यांदा बघून मी भिंत धरून खाली बसले, नंतर कळलं ते गोळ्यांमुळे. तोंडाला चव नव्हती, सांधे दुखायचे. भीतीचं सांगायचं तर मला मरायची भीती पहिला महिनाभर वाटली. उशाशी ठेवलेल्या डबीत रोज बघायचे, रक्त आहे का. पुढे ते थांबलं आणि दुसरी भीती बसली.

मागच्या खोलीच्या खिडकीतून गोडाऊनचा पत्रा दिसतो. पत्र्यापलीकडे कंटेनर रिव्हर्स घेतानाचा पीपी आवाज. ह्या बाजूला अंगणाचा एक तुकडा आणि तिथे नळ. सुगंधाने हाच पत्रा, हाच नळ वर्षभर बघितला होता. मला पहिल्या आठवड्यातच वेड लागायची वेळ आली.

सुगंधाने माझं करण्यात काही कमी केलं नाही. सकाळी गोळ्या हातावर ठेवून गिळेपर्यंत उभी राहायची. जीभ उचलून दाखव म्हणायची. उलटी झाली की भरायची, अंथरूण बदलायची, मिस्टर घाईघाईत दारातूनच चौकशी करून जायचे तेव्हा ही आत येऊन माझे पाय चेपायची. सख्ख्या बहिणीने केलं नसतं. मला ते सहन होईना. एक दिवस मी विचारलं, इतकं का करतेस माझं, मरू दे ना मला.

तिने गोळ्यांचं पाकीट बंद केलं.

"तू मेलीस तर तन्वी जनमभर तुजीच राहील," ती म्हणाली. "मेलेल्या आईशी कोन भांडनार? म्हनून जगवते."

आणि गरम पाणी आणायला गेली.

महिन्याने थुंकी तपासली, साफ आली. डॉक्टर म्हणाली, झालं, आता बिनधास्त सगळ्यांत बसा. आम्ही दोघी ऐकत होतो. परतताना मी सुगंधाच्या तोंडाकडे बघत होते. तिने सरळ सांगितलं, घरी बोलायचं असेल तर बोल, मी अडवणार नाही.

मी बोलले नाही. ह्यात मोठेपणा शोधू नका. मला तिची शिक्षा भोगायची होती वगैरे काही नाही. तन्वीला कळू नये एवढंच मला हवं होतं. माझी पोरगी मला आजारी समजली तर चालेल, पण मी काय आहे ते तिला समजू नये. गावातल्या आशा कार्यकर्त्या ताई चौकशीला यायच्या, तर मी खिडकीतूनच सगळं ठीक आहे सांगून त्यांना वाटेला लावायचे.

खिडकी

सुरुवातीला तन्वी रोज शाळेतून आली की नळापाशी उभी राहून माझ्याशी बोलायची. रडायची. मराठीची कविता म्हणून दाखवायची, गणिताचे मार्क सांगायची, वहीच्या पानावर चित्रं काढून दगड गुंडाळून खिडकीतून फेकायची. तिसऱ्या महिन्यात ती एक दिवसाआड यायला लागली. मग क्लास असायचा, मैत्रिणी असायच्या. मुलं अशीच असतात, त्यात तिची चूक नव्हती. तिच्या आईला तर ती खिडकीपाशीही उभी राहिलेली मिळाली नव्हती.

एका रविवारी सुगंधा तिला नळावर न्हाऊ घालून केस विंचरत होती. भांगच सरळ येईना. तन्वी ओरडत होती, काकी, दुखतंय, आई बघ कशी पटकन वेणी घालायची. सुगंधा कंगवा उचलून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अकरा वर्षांची पोर, आणि तिच्या आईला तिची वेणी घालता येत नव्हती, कारण मी कंगवा कधी तिच्या हाती दिलाच नव्हता. महिन्याभरात वेणी सरळ यायला लागली. पाचव्या महिन्यात तन्वी वेणी घालून घेताना गाणं गुणगुणत होती. मी खिडकी लावून घेतली.

मला रडू येत होतं आणि रागही. सुगंधाचा गळा दाबावासा वाटायचा. माझी पोर चोरतेय, असंच वाटायचं मला. खरंच सांगते, चोरतेय हा शब्द मनात आला, आणि मला त्यात चुकीचं काहीच वाटलं नाही. दोन-तीन दिवसांनी ताट धुताना फुलीवरून बोट फिरलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आपा

ह्या सहा महिन्यांत एक गोष्ट बरी झाली, ती सांगून ठेवते. औषधाच्या दिवशी दवाखान्यात एक आपा भेटायच्या, भिवंडीतल्याच, कोकणी मुसलमान घरातल्या. पूर्वी घरचे लूम होते, आता मुलगा दुकान चालवतो. एकदा सुगंधा कागदावर शिक्का आणायला गेली होती, मी पायरीवर बसले होते. आपांनी डबा उघडला, तांदळाच्या भाकरीत सुकट गुंडाळलेली. अर्धी तोडून माझ्यापुढे धरली. मी मागे सरले, सवय लागली होती.

"घे गो," त्या म्हणाल्या. "तुजा नि माजा एकच रोग. आता कोनाला काय लागनार?"

मी खाल्लं. कुणाच्या हातून तोडलेला घास मी चार महिन्यांनी खात होते. मला हुंदका आला तर आपा म्हणाल्या, तिखट झालंय वाटतं. सुगंधा परत आली तेव्हा त्यांनी तिलाही एक तुकडा दिला, आणि पायरीवर बसून आम्ही तिघींनी एका डब्यातून खाल्लं. सुगंधाने तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मला तेवढ्यावरून उगाच आशा वाटली, की आता जमेल आमचं. आजारात माणूस कशावरूनही आशा धरतो.

शेवटची तपासणी

शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सुगंधाची आई दिघाशीला घरात पडली. सुगंधा तपासणीच्या दिवशी सकाळीच तिकडे गेली, संध्याकाळी येते म्हणाली. मला मिस्टरांनी गाडीने नेलं. सहा महिन्यांत ते पहिल्यांदा केबिनमध्ये आले.

डॉक्टरने रिपोर्ट बघून हात जोडले, म्हणाली, सुटलात. मिस्टरांनी विचारलं, मग वर्ष पुरं झालं की घरात घ्यायची ना हिला? डॉक्टरला कळेना. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. पहिल्या महिन्यापासूनच मोकळीक होती, दोघींच्या समोर तर सांगितलं होतं.

गाडीत मिस्टर शिव्या घालत होते. त्या बाईने सहा महिने कोंडलं तुला, आणि तू गोळ्यांच्या गुंगीत गप्प बसलीस. मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. त्यांनी ऐकलं नाही. घरात शिरल्या शिरल्या भावजींना बोलावलं, तन्वी अभ्यास सोडून आली. तेवढ्यात सुगंधा दिघाशीहून परत आली, हातात भाजीची पिशवी. मिस्टरांनी तिला उंबऱ्यावरच थांबवलं आणि सगळ्यांसमोर तिचं खोटं बाहेर काढलं. निघ म्हणाले. सामान घे आणि आईकडेच राहा. भावजी खाली बघत होते, बायकोची बाजू त्यांनी दहा वर्षांपूर्वी घेतली नाही तर आता काय घेणार.

तन्वी सुगंधाकडे बघत होती. "काकी, तू खोटं बोलून आईला कोंडलंस?" तिने विचारलं. सुगंधाने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तन्वी वळली, धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली.

सहा महिन्यांनी. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, वेणी घट्ट नि सरळ. मला वाटलं, संपलं सगळं, मी जिंकले. आता फक्त गप्प बसायचं. सुगंधा दिघाशीला जाईल आणि ही माझी राहील. मी तन्वीच्या डोक्यावर हात ठेवला.

सुगंधा उंबऱ्यावर पिशवी धरून उभी होती. तिने एका शब्दाने माझं नाव घेतलं असतं तर मी उलटले असते, थुंकले असते तिच्यावर, मला मी माहीत आहे. ती फक्त बघत होती, मी तन्वीला धरलेल्या हाताकडे. दहा वर्षांपूर्वी हात पुढे करून उभी राहिली होती तेव्हाही अशीच बघत होती.

"तिला नका बोलू," मी म्हटलं. "ते खोटं माझं आहे. तिने फक्त मला परत दिलं."

मिस्टर म्हणाले, काय बडबडतेस. मग मी सांगितलं. तन्वीला धरूनच सांगितलं, कारण सोडून सांगायची हिंमत नव्हती. तू आठ महिन्यांची होतीस. डॉक्टरने वीस दिवस सांगितले होते, मी वर्ष सांगितलं. तुझी आई मागच्या खोलीत होती आणि तुला मी दिलं नाही. मला तू हवी होतीस म्हणून. तिला काकी म्हणायला मी शिकवलं.

कमरेभोवतीचे हात सैल झाले. झटकले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते सैल झाले आणि ती एक पाऊल मागे सरली. तिने माझ्याकडे बघितलं, सुगंधाकडे बघितलं आणि आपल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली. मिस्टर बाहेर निघून गेले. भावजी तिथेच खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सुगंधाने पिशवी खाली ठेवली. माझ्याजवळून जाताना थांबली.

"लय उशिरा बोललीस, ताई."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने पाय मागे घेतले आणि भाजी निवडायला बसली.

आता

मी स्वतःच मागच्या खोलीत परत गेले. मला कोणी पाठवलं नव्हतं, पण कोणी थांबही म्हणालं नाही. मिस्टर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. सुगंधा वेळेवर जेवण आणून ठेवत होती, त्याच ताटात. मी तिला म्हटलं, माफ कर म्हणणार नाही, पण काय करू ते सांग. ती म्हणाली, "काय नको करू. करून बघितलास ना?"

मला लोक विचारतात, तिने माफ केलं का. नाही केलं. करणारही नाही. आम्ही एका घरात राहतो, ती भाजी चिरते, मी तांदूळ निवडते, मीठ कमी पडलं तर ती सांगते. ह्याहून जास्त होईल असं मला वाटत नाही. जिने मला उलटीतून उचललं तिचं माझ्यावर प्रेम नाही, आणि जिच्यावर मी जीव टाकला तिचं मी सगळ्यात जास्त वाटोळं केलं. ह्या दोन गोष्टी मी आता रोज सोबत घेऊन उठते. तुम्हाला टीबी झाला असेल तर गोळ्या घ्या, डॉक्टर काय सांगतो ते घरातल्या सगळ्यांना सोबत नेऊन ऐका, एकटीने ऐकू नका आणि एकटीला ऐकू देऊ नका. ताट वेगळं करू नका. बाळ आईजवळ असू द्या.

कडी लावून घेतल्यानंतर तीन दिवस तन्वी माझ्यासमोर आली नाही. शाळेत जाताना अंगणातून जायची, खिडकीकडे बघायची नाही. रात्री ती सुगंधाच्या खोलीत झोपत होती, हे मला पायांच्या आवाजावरून कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती शाळेच्या ड्रेसमध्येच खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याला पाय लावला नाही. डोळे सुजलेले होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली फरशीकडे, आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "काकी, आई बोलवते. जेवाला चल."

मला आधी वाटलं, ती चुकली. दुरुस्त करेल म्हणून मी थांबले. ती तशीच उभी होती, वेणीचं टोक हातात धरून.

आले, म्हटलं. सवयीने फुलीचं ताट उचललं, परत खाली ठेवलं, आणि तिच्या मागून स्वयंपाकघरात गेले.